वकिलाविना नादारी : १८७९ चा कायदा आणि दख्खनचा कर्जबाजारी शेतकरी

१/ पश्चिम भारतातील जुन्या बाजारपेठांत एखादी पेढी बुडाली, की तिचा मालक भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, अशी रूढी जुन्या नोंदींत आढळते. त्या दिव्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असे : देणे फेडण्याची ताकद संपली, आता जे उरले आहे ते धनकोंनी वाटून घ्यावे. त्यासाठी अर्ज लागत नसे, वकीलही लागत नसे. व्यापाऱ्याजवळ आपले दिवाळे जाहीर करण्याची अशी एक रीत तरी होती. कर्जात बुडालेल्या कुणब्याजवळ कोणती होती?

२/ १८७९ पर्यंत व्यवहारात जवळजवळ कोणतीच नव्हती. त्या वर्षी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी एक कायदा झाला. ५० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याने स्वतः दुय्यम न्यायाधीशापुढे जावे आणि आपल्याला नादार ठरवावे असा अर्ज करावा, अशी तरतूद त्यात होती. लहान रकमांच्या प्रकरणांत वकिलाला उभे राहण्यासच मनाई होती. हा हक्क कशातून जन्मला, तो कसा चालला आणि इतक्या थोड्यांनी का वापरला, याची ही हकिगत.

३/ प्रथम थोडे मागे जावे लागते. पेशवाईच्या अखेरीनंतर, १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात कर्जवसुलीच्या देशी रीतीचे वर्णन आहे. ही रीत म्हणजे तगादा. सावकार ऋणकोच्या दारात बसे, माणूस बसवी, त्याची वाट अडवी. रीत कठोर होतीच. पण ती गावाच्या डोळ्यांदेखत चाले. सावकारालाही त्याच गावात राहायचे असे आणि पाटलाचा व पंचांचा शब्द सांभाळावा लागे. ऋणकोला निदान आपले म्हणणे ओरडून सांगता येई.

४/ इंग्रजी अमलात वसुलीची जागा बदलली. १८५९ च्या दिवाणी कार्यसंहितेने सावकाराच्या हाती हुकूमनामा, जप्ती, लिलाव आणि ऋणकोची दिवाणी कैद ही साधने दिली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू असा, की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे.

५/ पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) भारतीय कापसाला सोन्याचा भाव आणला. दख्खनच्या गावांत पैसा खेळू लागला आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. तेवढ्यात सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली. १८६७ मध्ये ती इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि पुढे शेजारच्या तालुक्यांतही सारा पुष्कळ वाढला. उत्पन्न घटत असता सरकारचे देणे वाढले. ते भागवण्यासाठी पुन्हा सावकाराचाच उंबरठा झिजवावा लागला.

६/ कापसाच्या त्याच पडझडीत मुंबईतील बड्या पेढ्याही बुडाल्या. पण मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी नादारांचे स्वतंत्र न्यायालय होते. सॉलिसिटर कागद तयार करी, बॅरिस्टर बाजू मांडी, मालमत्ता धनकोंत वाटली जाई आणि माणूस देण्यातून सुटे. शिरूर किंवा भीमथडीच्या शेतकऱ्यासाठी असे दार नव्हते. त्याच्याविषयी कायद्याची दृष्टी अशी होती, की आधी हुकूमनामा व्हावा, अटक व्हावी, मग सुटकेसाठी त्याने आपली असमर्थता सिद्ध करावी. तुरुंगाच्या वाटेनेच नादारीकडे जावे लागे.

७/ आणि हुकूमनामा होई तो बहुधा त्याच्या पाठीमागे. न्यायालय तालुक्याच्या गावी असे. जाण्यायेण्यात दिवस मोडत, वकिलाची फी परवडत नसे, कागदावर काय लिहिले आहे हे ठाऊक नसे. अक्षरशत्रू कुणब्याची सही म्हणजे खताखाली काढलेले नांगराचे चित्र, 'निशाणी नांगर'. ते चित्र खरे, म्हणजे वरचा मजकूरही खरा, असे न्यायालय धरी. प्रतिवादी हजर नसला की एकतर्फी निकाल लागे. कित्येकांना आपल्यावर दावा झाला होता हे जप्तीचा बेलिफ दारात आल्यावरच कळे.

८/ १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी ठिणगी पडली. कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या प्रतिष्ठित गृहस्थावर सुमारे १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडण्यापर्यंत मजल नेली. गावाने उत्तर दिले ते बहिष्काराने. सावकाराकडे कोणी काम करीना, त्याला कोणी माल देईना. अखेर कालूरामाला गाव सोडावे लागले. ही बातमी आसपासच्या गावांत पोहोचली.

९/ १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हेच घडले. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य तपास करणाऱ्यांच्याही नजरेत भरले. जमाव मागत होता ते कागद : कर्जरोखे, खते, हुकूमनामे. जेथे सावकाराने ते निमूटपणे काढून दिले, तेथे त्याला बहुधा धक्का लागला नाही. कागदांची मात्र चौकात होळी झाली.

१०/ या होळीकडे केवळ संताप म्हणून पाहिले तर तिचा अर्थ निसटतो. ज्या माणसाला न्यायालयात आपला हिशेब मांडता येत नव्हता, त्याने पुरावाच जाळला. कायद्याने नादारीचे दार उघडले नव्हते, म्हणून गावांनी आपल्या हाताने कर्जमुक्ती उरकून घेतली. दिवसा लावलेल्या त्या व्यापाऱ्याच्या दिव्याचे हे कुणबी रूप होते. फरक इतकाच, की दिव्याला बाजार मान्यता देई आणि या जाळाला दंडविधान गुन्हा म्हणे.

११/ सरकारने दख्खन दंगा आयोग नेमला. त्याने साक्षी घेतल्या, कर्जाचे आकडे जमवले, न्यायालयांचे कामकाज तपासले. पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उभे राहिले आणि सावकारांच्या घरांवर दरोडे पडू लागले. त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात थिओडोर होप यांनी विधेयक मांडले. ते डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, १८७९ चा १७ वा कायदा, या नावाने संमत झाले आणि १ नोव्हेंबर १८७९ पासून अमलात आले.

१२/ या कायद्याचे चौथे प्रकरण नादारीचे. त्यातील २५ व्या कलमाने शेतकऱ्याला ५० रुपयांच्या कर्जावरही अर्जाचा हक्क दिला. त्यासाठी आधी अटक होण्याची अट उरली नाही. अर्जात कर्जे आणि मालमत्ता यांची यादी द्यायची. न्यायाधीशाने प्रत्येक सावकाराचा दावा तपासून खरे देणे ठरवायचे. नादाराची जमीन विकायची नाही. मात्र कुटुंबाच्या निर्वाहाला लागते त्याहून अधिक जमीन असल्यास ती कलेक्टरने जास्तीत जास्त सात वर्षे ताब्यात घ्यावी, खंडाने लावावी आणि येणारा पैसा धनकोंना द्यावा.

१३/ याच्या जोडीला दोन मोठी संरक्षणे होती. २१ व्या कलमाने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक किंवा कैद करण्याची रीतच बंद केली. २२ व्या कलमाने, जी जमीन त्या कर्जासाठी स्पष्टपणे तारण दिलेली नाही, तिची जप्ती आणि विक्री थांबवली. एका फटक्यात सावकाराच्या हातची दोन जुनी शस्त्रे बोथट झाली.

१४/ आता वकिलांचा प्रश्न. ६८ व्या कलमाने १०० रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत वकील, मुखत्यार, अगदी उच्च न्यायालयाचा ॲडव्होकेटही वर्ज्य केला. गावपातळीवरच्या मुन्सफापुढे आणि समेट घडवणाऱ्या कन्सिलिएटरपुढे तर तो पूर्णच वर्ज्य. पक्षकाराने स्वतः बोलावे. सबळ कारण असल्यास नातलग किंवा नोकर सोबत आणावा, मात्र तो कधीकाळी वकिली केलेला नसावा. मोठ्या दाव्यात सावकाराने वकील दिला आणि शेतकऱ्याची ऐपत नसली, तर जिल्हा न्यायाधीशाच्या संमतीने सरकारी वकील त्याच्या बाजूने उभा करता येई.

१५/ येथेच या कायद्यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट दिसते. वकिलाला दाराबाहेर ठेवले म्हणून न्याय आपोआप सोपा होत नाही. वकिलाचे काम कोणीतरी करावेच लागते : जुने कागद चाळणे, हिशेबातील लबाडी शोधणे, अडाणी पक्षकाराला नेमका प्रश्न विचारणे. कायद्याने हे काम न्यायाधीशावर टाकले. १२ व्या कलमानुसार, रकमेविषयी वाद असल्यास त्याने धनको आणि ऋणको दोघांची साक्ष घ्यायची आणि व्यवहार जेथे सुरू झाला तेथपासूनचा इतिहास तपासायचा. शेवटचे खत पाहून निकाल देण्याची सोय संपली.

१६/ शेतकऱ्याने रक्कम कबूल केली तरी न्यायाधीशाची सुटका नव्हती. ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क पुरते समजून दिली आहे, अशी त्याची खात्री पटली पाहिजे आणि खात्रीची कारणे त्याने लिहून ठेवली पाहिजेत. तसे नसेल तर चौकशी करायचीच. धाकाने, लाजेने किंवा 'साहेब म्हणतात तर असेल' या भावनेने मान डोलावणाऱ्या माणसाला ओळखून लिहिलेली ही तरतूद आहे. 'निशाणी नांगर' म्हणजे संमती, हे गृहीतक येथे प्रथमच मोडले.

१७/ हिशेबाची रीतही कायद्याने घालून दिली. मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी ठेवायची. खत बदलताना मुद्दलात मिसळलेले व्याज पुन्हा बाहेर काढायचे. शेतकऱ्याने दिलेला पैसाच नव्हे, तर सावकाराने त्याच्याकडून घेतलेली सेवा आणि इतर लाभ यांचीही किंमत ठरवून ती त्याच्या जमेस धरायची. अशी चौकशी होऊ नये असा करार केलेला असला, तरी तो विचारात घ्यायचा नाही. व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये हे दामदुपटीचे जुने धर्मशास्त्रीय तत्त्वही या हिशेबात आपोआप आठवते.

१८/ पुढची खते लबाडीची होऊ नयेत म्हणून ग्रामनिबंधक नेमले गेले. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त त्यांच्या देखरेखीखाली लिहिला गेला नसेल, तर तो पुराव्यात घेतला जात नसे. पैसे दिल्याची पावती, वर्षाचा हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. दावा लावण्यापूर्वी कन्सिलिएटरकडे समेटाचा प्रयत्न करणे आवश्यक झाले. समेटाची ही कल्पना पुण्याला नवी नव्हती : स्वतः वकील असलेल्या गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काकांनी त्याच दशकात लवाद न्यायालये चालवून दाखवली होती.

१९/ न्यायाधीशावर एवढा भार टाकला, तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? लहान दाव्यांत अपील नव्हते, कारण अपील म्हटले की पुन्हा वकील आणि खर्च आला. त्याऐवजी वरिष्ठ न्यायाधीशाने दप्तर मागवून तपासावे आणि चूक दुरुस्त करावी अशी योजना होती. त्यासाठी विशेष न्यायाधीश नेमला गेला. महादेव गोविंद रानडे या व्यवस्थेत वर्षानुवर्षे राबले. १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश होते. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कनिष्ठ न्यायालयांचे काम पाहणे हा त्यांच्या नोकरीचा भाग होता.

२०/ मग या सर्व तयारीनंतर नादारीच्या अर्जांची रीघ लागली का? लागली नाही. दाव्यांतील चौकशी, हप्तेबंदी, हिशेबाची फेरतपासणी या तरतुदींचा पुष्कळ उपयोग झाला. नादारीचे प्रकरण मात्र बरेचसे कागदावरच राहिले. ज्या हक्कासाठी आधी तुरुंगाची वाट तुडवावी लागे, तो आता विनावकील हाती आला होता. तरीही फार थोडे शेतकरी त्याच्या वाटेला गेले.

२१/ याचे एक कारण कायद्याच्याच रचनेत होते. कैद बंद झाली, तारण नसलेली जमीन सुरक्षित झाली, देणे हप्त्यांनी फेडता येऊ लागले. ज्या भीतीपोटी माणूस नादारी मागतो, ती भीतीच पुष्कळशी ओसरली. दुसरे कारण शेताच्या बांधावर होते. नादार ठरलेल्या शेतकऱ्याला पुढच्या मृगात बियाणे कोण देणार? बैल मेला तर, मुलीचे लग्न निघाले तर, साऱ्याचा हप्ता आला तर कोणाकडे जायचे? गावात कर्ज देणारा एकच होता आणि नादारी म्हणजे त्याच्याशी कायमचा काडीमोड.

२२/ तिसरे कारण अब्रूचे. 'दिवाळे वाजले' हे शब्द मराठीत आजही हिशेबापेक्षा माणसाविषयी अधिक बोलतात. भर कचेरीत आपली भांडीकुंडी, गुरेढोरे आणि देणी यांची यादी वाचली जाणे, निर्वाहापलीकडची जमीन कलेक्टरच्या ताब्यात जाणे, हे देशमुखालाच काय, दोन बिघ्यांच्या कुणब्यालाही मरणप्राय वाटे. वकिलाची फी कायद्याने वाचवली; चारचौघांत मान खाली घालण्याची किंमत त्याला माफ करता आली नाही.

२३/ सावकारही स्वस्थ बसला नाही. साध्या खतावर दिलेला पैसा वसूल होणे कठीण झाले, तेव्हा तो जमिनीचे तारण मागू लागला. पुढे तर गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागला आणि 'पैसे दिलेस की परत करीन' हे वचन तोंडीच ठेवू लागला. कागदावर विक्री, प्रत्यक्षात कर्ज. कागदामागचा खरा व्यवहार शोधण्याची मुभा न्यायालयांना पुढे दुरुस्तीने द्यावी लागली. दुसरीकडे, कायद्याचा लाभ मिळावा म्हणून शेतकरी नसलेलेही शेतकरी म्हणवून घेऊ लागले आणि 'शेतकरी कोण' यावरच खटले रंगले.

२४/ महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिला. सावकार, कचेरीतील कामगार आणि न्यायालये यांच्या कात्रीत सापडलेला शेतकरी त्यात दिसतो. कायदा होऊन चार वर्षे झाली होती, तरी ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत हक्क पोहोचत नाही, हे फुल्यांचे निदान होते आणि म्हणून त्यांचा भर विद्येवर होता. वकिलाविना न्याय मिळायचा, तर न्यायाधीशाने कान उघडे ठेवले पाहिजेत आणि पक्षकाराला निदान आपला कागद वाचता आला पाहिजे. कायद्याने पहिली बाजू सांभाळली. दुसरी शाळेवर अवलंबून होती आणि शाळा गावात नव्हती.

२५/ पुढे १९०७ मध्ये आणि नंतर १९२० मध्ये प्रांतिक नादारी कायदे आले. १९२० च्या कायद्यात स्वतःहून अर्ज करण्यासाठी कर्जाची सर्वसाधारण मर्यादा ५०० रुपये होती, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्याला दिलेल्या मर्यादेच्या दहापट. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये कर्जसमायोजन मंडळांचा निराळा मार्ग काढला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत ऋणकोने 'स्वतः' अर्ज करावा ही मुभा पुन्हा लिहिली गेली आणि अगदी लहान कर्जदारांसाठी 'नवा आरंभ' नावाची तरतूदही झाली. पण २०१९ मध्ये व्यक्तींविषयीचा भाग अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना हमी देणाऱ्यांपुरता.

२६/ सुप्याच्या बाजारात कागद जळाले, त्यानंतर साडेचार वर्षांच्या आत सरकारने कबूल केले, की कागदाआधी माणसाचे ऐकले पाहिजे. १८७९ च्या कायद्याचे मोल या कबुलीत आहे. त्याच्या मर्यादाही तेथेच दिसतात : न्यायाधीशाने जुने कर्ज कितीही चोख मोजले, तरी नव्या पेरणीसाठी पैसा कोठून आणायचा याचे उत्तर त्याच्या दप्तरात नव्हते. ते उत्तर सापडेपर्यंत नादारीचा हक्क हाती असूनही शेतकरी संध्याकाळी पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसत राहिला.